एकच चर्च, दोन मंडळ्या: लोक आम्हाला सारखे विचारतात ते प्रश्न

दर रविवारी गेटपाशी तेच प्रश्न, लग्नाच्या जेवणात तेच प्रश्न, फॅमिली ग्रुपवर तर विचारूच नका. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतेय. मी नव्या मंडळीची (मंडळी म्हणजे एकत्र उपासना करणारा ख्रिस्ती गट) सेक्रेटरी आहे, पण माझा बाप्तिस्मा जुन्या मंडळीत झाला, दृढीकरण (मोठेपणी विश्वास जाहीर कबूल करायचा विधी) तिथेच झालं आणि आई अजूनही सकाळच्या उपासनेला तिच्या ठरलेल्या बाकावरच बसते, त्यामुळे दोन्हीकडची बोलणी मीच खाते. चालेल, सवय आहे.

नक्की काय चाललंय तिथे? चर्च विकलं का?

नाही हो. विकलं नाही, आणि कुणाच्या मनात आलं म्हणून विकता येतही नाही (ते खाली भाड्याच्या प्रश्नात येईल). जुनी मंडळी होती तिथेच आहे, सकाळी साडेआठची मराठी उपासना होती तशीच चालू आहे, पाळकसाहेब तेच, घंटा तीच. आम्ही नवीन मंडळी त्याच इमारतीत दुपारी साडेचारला जमतो. कमिट्या दोन, बँक खाती दोन, हजेरीपट दोन, छप्पर एक. बाहेर बोर्डही दोन आहेत, आमचा लहान आहे आणि तो लहानच राहणार असं लेखी ठरलंय.

पण नवीन मंडळी काढायची गरजच काय होती? पुण्यात चर्चेस कमी आहेत का?

कमी नाहीत. पण पुण्यात आता जी ख्रिस्ती पोरं येतात ना, कुणी नगरहून, कुणी जालन्याहून, कुणी मिझोराम-नागालँडहून, कुणी केरळहून नर्सिंगला, ती हिंजवडी, वाघोली, हडपसरला तीन-चार जण मिळून फ्लॅट घेऊन राहतात, शनिवारी रात्रपाळी करून पहाटे झोपतात आणि साडेआठच्या उपासनेला पोचत नाहीत, पोचली तरी छापील उपासनाक्रमातली जुनी मराठी त्यांच्या डोक्यावरून जाते. मग ती कुठेच जात नाहीत. ज्यांना मराठी येतं पण वाचता येत नाही अशी आपलीच इंग्लिश मीडियमची मुलं तर प्रत्येक घरात आहेत. अशा लोकांसाठी हिंदी-इंग्लिश-मराठी अशी मिसळ असलेली संध्याकाळची भक्ती हवी होती. जुन्या मंडळीने स्वतः सुरू करून पाहिली होती, पण तिथे करणारी माणसं आधीच सकाळी दमलेली असायची.

आणि जुनं-नवं म्हणताना एक लक्षात घ्या. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले तेव्हा मराठी प्रॉटेस्टंट मंडळी नावाची गोष्टच नव्हती. अहमदनगरला मिशनचं ठाणं झालं १८३१ ला, पहिली मंडळी उभी राहिली १८३३ ला. आज नगरला ज्यांच्या पाच-सहा पिढ्या एकाच चर्चमध्ये झाल्यात ते लोक "ही नवीन फॅडं कशाला" म्हणतात तेव्हा मला गंमत वाटते, कारण १८३३ साली नगरच्या पेठेत त्यांच्या पणजोबांच्या पणजोबांबद्दल लोक हेच म्हणत असणार.

जुनी मंडळी कुठली आणि तुम्ही कुठले?

जुनी मंडळी सीएनआयची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा वेगवेगळ्या चर्चेसनी एकत्र येऊन ती केली. त्यात अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मिळून आधीच झालेलं युनायटेड चर्च होतं, बॅप्टिस्ट होते, ब्रेदरन होते, डिसायपल्स होते आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट होते. अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट शेवटच्या क्षणी आत आले नाहीत, म्हणून आजही मेथॉडिस्ट चर्च वेगळं दिसतं. आम्ही स्वतंत्र मंडळी, बिशप नाही, वडीलमंडळ आहे, म्हणजे मंडळीतल्याच जबाबदार माणसांची समिती. पाळकसाहेबांचा पांढरा झगा, आमच्या पास्टरचा चेक्सचा शर्ट. विश्वासाच्या मूळ गोष्टींत फरक नाही, बाप्तिस्म्याबद्दल आहे, तो खाली सांगते.

खरं सांगा, तुम्ही जुन्या मंडळीची माणसं पळवणार ना?

हाच खरा प्रश्न आहे, बाकीचे सगळे याच्या आजूबाजूचे. आणि मी "छे छे, असं कसं होईल" म्हणणार नाही, कारण होतं. गिटार-ड्रम असलं, अर्ध्या तासाचं प्रवचन असलं, उपासनेनंतर सामोसा असला की सकाळची तरुण पोरं संध्याकाळी डोकावणारच. डोकावली की पुढच्या रविवारी सकाळी उठायचा कंटाळा येणार. आधीच ज्या मंडळीत तरुण संघात मोजकी पोरं उरलीत तिथून एक घर जरी उठलं तरी ते बाक रिकामं दिसतं, आणि त्या घराच्या आजोबांनी त्याच चर्चच्या भिंतीला खांदे लावलेले असतात.

म्हणून आम्ही सुरुवातीलाच काही गोष्टी लिहून सही करून ठेवल्या. एक, जुन्या मंडळीच्या कुणालाही आम्ही आमंत्रण द्यायचं नाही, घरी प्रार्थनेला जायचं नाही, आजारी असलं तरी आधी पाळकसाहेबांना फोन. दोन, कुणी स्वतःहून सभासद व्हायला आलं तर त्याने आधी पाळकसाहेबांना भेटायचं, समोरासमोर, मेसेजवर नाही, आणि सभासदत्वाचा दाखला आणायचा. दाखला नाही तर सभासद नाही, पाहुणा म्हणून शंभर वेळा या. तीन, भांडून येत असेल तर घ्यायचंच नाही जोवर भांडण मिटत नाही. ही तिसरी अट सगळ्यात कडक आहे आणि मला सगळ्यात आवडते. कमिटीची निवडणूक हरलेले, थैली (उपासनेत फिरणारी दानाची पिशवी) मोजण्यावरून रुसलेले, पाळकसाहेब अमक्याच्या सांत्वन प्रार्थनेला आले नाहीत म्हणून चिडलेले, असे लोक नव्या मंडळीकडे धावतात आणि नव्या मंडळीला वाटतं देव वाढ देतोय. ती वाढ नाही, ते फक्त इकडचं भांडण तिकडे आलं.

तरीही दोन-तीन घरं इकडे आली. दाखले घेऊन आली, पण आली. आई आठवडाभर माझ्याशी धड बोलली नव्हती. उलटंही झालंय, आमच्याकडे दुपारी येणारं एक जोडपं बाळ झाल्यावर सकाळच्या मंडळीत गेलं कारण त्यांना बाळाचा बाप्तिस्मा हवा होता आणि संध्याकाळी बाळ झोपत नव्हतं. त्यांचा दाखला मीच टाइप केला.

वेळापत्रक कसं ठरतं?

सकाळी साडेआठ ते साडेअकरा जुन्या मंडळीचं, त्यात उपासना, संडे स्कूल, महिला मंडळ, कमिटी मीटिंग सगळं आलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन (येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी) असतं त्यामुळे लांबतं, तेव्हा कुणी घड्याळ दाखवायचं नाही. आम्हाला इमारत तीनला मिळते, साउंड लावायला, आणि साडेसातला कुलूप. बुधवारी त्यांची प्रार्थना सभा, शुक्रवारी आमची.

सणांचं वेगळं आहे. झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर), नाताळ, ३१ डिसेंबरची रात्र, हे सगळं जुन्या मंडळीचं, आम्ही त्या दिवशी त्यांच्या उपासनेला जातो. उत्तम शुक्रवारी बारा ते तीन वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, त्यातला एक उद्गार आता आमच्या पास्टरना देतात. पहिल्या वर्षी दिला नव्हता. उपकारस्तुतीच्या सणाला तर आमची पोरं आधी येऊन बसतात कारण नंतरचा लिलाव. कुणाच्या शेतातला भोपळा, कुणाची कोंबडी, कुणाच्या घरचा केक, आणि एका नारळासाठी दोन काकांची चढाओढ. आयटीतल्या पोराने गंमत म्हणून बोली लावली आणि पपई त्याच्या गळ्यात पडली, पैसे जीपेने द्यायला गेला तर मोबाइलला रेंज नाही.

भाडं देता का? किती?

देतो. आकडा इथे लिहीत नाही, दोन्ही मंडळ्यांच्या वार्षिक सभेत हिशोब वाचला जातो तिथे ऐका. कसं देतो ते सांगते कारण इथेच जास्त मंडळ्या अडकतात.

पहिली गोष्ट, जागा कमिटीची नसते. सीएनआयच्या बहुतेक जागा ट्रस्ट असोसिएशनच्या नावावर असतात, त्यामुळे स्थानिक कमिटीच्या सेक्रेटरीने "या हो, वापरा" म्हटलं म्हणजे झालं असं नाही, वर डायोसिसपर्यंत (बिशपच्या हाताखालचा विभाग) अर्ज जातो आणि तिथून लेखी परवानगी लागते. दुसरी, महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० चा, त्याचं कलम ३६ सांगतं की ट्रस्टची इमारत विकायची, बक्षीस द्यायची, किंवा तीन वर्षांपेक्षा जास्त लीजवर द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी हवी. म्हणून "आम्हाला दहा वर्षांचं लिहून द्या" असं कुणी विचारू नका. आमचा करार अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स आहे, रजिस्टर केलेला. अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात तो रजिस्टर करावाच लागतो, स्टॅम्प पेपरवर नोटरी करून ड्रॉवरमध्ये टाकला की झालं ही समजूत काढून टाका.

भाड्याशिवाय लाइटबिल. आम्ही वेगळा सबमीटर लावला, कारण संध्याकाळी एसी नाही पण पंखे, साउंड, प्रोजेक्टर सगळं चालतं आणि "बिल एवढं कसं आलं" या एका वाक्यावर चांगल्या मंडळ्या फुटलेल्या मी पाहिल्यात. पाण्याच्या टँकरचे पैसे उन्हाळ्यात अर्धे-अर्धे. छप्पर गळलं तर खर्च ट्रस्टचा, पण ताडपत्री चढवायला पोरं आमची.

बाहेरून फंड येतो म्हणे तुम्हाला?

नाही. ही अफवा दर सहा महिन्यांनी येते. परदेशातून धार्मिक किंवा सामाजिक कामासाठी पैसे घ्यायचे तर एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात, शिवाय एका संस्थेने घेतलेले पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत. आमची ती नोंदणी नाही म्हणून आम्ही घेत नाही, विषय संपला. यात एक बारकावा आहे जो लोकांना कळत नाही. तुमचा दुबईतला भाचा भारतीय पासपोर्टवर आहे आणि त्याने स्वतःच्या पगारातून बँकेमार्फत पैसे पाठवले तर ते विदेशी योगदान धरलं जात नाही. पण न्यू जर्सीची ताई अमेरिकन सिटिझन झाली असेल तर तिचे पाचशे रुपयेसुद्धा विदेशी, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी. ताईला सांगा, आल्यावर चहा पाजा.

थैलीत टाकलेले पैसे कुणाला जातात?

ज्या उपासनेत टाकले त्या मंडळीला. क्यूआर कोडचा स्टँड प्रत्येकाने आपापला लावायचा आणि काढून न्यायचा. काढायचा राहिला की सकाळचे दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग म्हणून दिलेलं दान) संध्याकाळच्या खात्यात, मग दोन्ही खजिनदार महिन्याच्या शेवटी बसून उलटसुलट करतात. एकत्र उपासना असेल तर थैली जुन्या मंडळीची.

गाणी कुठली म्हणता? उपासना संगीत बंद केलंत का?

उपासना संगीत म्हणजे मराठी ख्रिस्ती गीतांचं पुस्तक. बंद केलं नाही, पण सुरुवातीला वापरतही नव्हतो, हे खरं. आमचं म्हणजे स्क्रीनवर हिंदी-इंग्लिश गाणी, कीबोर्ड, कॅजॉन (खोक्यासारखं, हाताने वाजवायचं तालवाद्य). तेव्हा सकाळच्या एका काकांनी ऐकून विचारलं, "ह्यात तुमचं काय आहे?" त्याला उत्तर नव्हतं कुणाकडे.

गंमत बघा. आज जे सकाळच्या लोकांना "आपलं" वाटतं ते एकेकाळी नवीनच होतं. मिशनच्या सुरुवातीच्या काळात इंग्रजी गीतं भाषांतर करून इंग्रजी चालीवरच म्हणायचे, मराठी शब्द त्या चालीत कोंबलेले. मग नारायण वामन टिळक आले, १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, मुळात कवी माणूस, आणि त्यांनी अभंग, भजनं, ओव्या असं आपल्या मातीतलं ख्रिस्ती गाणं उभं केलं. ते म्हणायचे की तुकारामांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. उपासना संगीतात त्यांची गीतं आजही आहेत आणि पेटी-तबल्यावर ती लागली की मान आपोआप हलते, मग तुम्ही कितीही इंग्लिश मीडियम असा. टिळक १९१९ ला गेले, त्याआधी दोन वर्षं त्यांनी "देवाचा दरबार" सुरू केला होता, म्हणजे चर्चच्या चौकटीबाहेरसुद्धा ख्रिस्तभक्तांनी एकत्र यावं असा विचार. थोडक्यात, उपासना संगीतावर हात ठेवून "नवीन काही नको" म्हणणाऱ्यांनी त्यातले टिळक नीट वाचावेत, आणि त्याच पुस्तकाला आउटडेटेड म्हणणाऱ्या आमच्या पोरांनीसुद्धा.

आता ठरलंय असं, संध्याकाळी प्रत्येक भक्तीत किमान एक गीत उपासना संगीतातलं. ज्यांना देवनागरी वाचता येत नाही त्यांच्यासाठी स्क्रीनवर रोमन अक्षरं. तबल्याला सकाळचेच काका येतात, तेच ते प्रश्न विचारणारे. आमचा कीबोर्डवाला त्यांच्यामागे धापा टाकतो कारण काका लय मध्येच वाढवतात आणि वर त्याच्याकडेच बघतात.

आवाजाचं काय? शेजारच्या सोसायटीची कंप्लेंट आली होती ना?

आली होती, बरोबर होती. बाहेर स्पीकर लावत नाही, ड्रमसेट काढून कॅजॉन आणला. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद हा नियम २००० पासून देशभर आहे आणि इतर वेळीही उघड्यावर लावायचा तर परवानगी लागते. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेला सुद्धा दारं लावून आत.

बाप्तिस्म्यावरून वाद नाही होत?

होतो. सकाळी बाळांना पाणी शिंपडून बाप्तिस्मा देतात, आम्ही मोठ्या माणसाने स्वतः विश्वास कबूल केल्यावर बुडवून देतो. आता सीएनआयमध्ये बॅप्टिस्ट आणि ब्रेदरन आले होते म्हणून तिथे दोन्ही पद्धती मान्य आहेत, हे खुद्द सकाळच्या निम्म्या लोकांना माहीत नसतं. जे चालत नाही ते म्हणजे एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा. आणि नेमकी तीच गोष्ट स्वतंत्र मंडळ्या सर्रास करतात, "लहानपणीचा धरत नाही" म्हणून. माझ्या आईच्या दृष्टीने हा तिच्या विश्वासावरचा आरोप आहे, आणि ती चुकीची नाही.

आमच्या वडीलमंडळात यावर सगळ्यात जास्त चर्चा झाली, दोन वडील नाराजच राहिले, पण शेवटी ठरलं की ज्यांचा बाप्तिस्मा जुन्या मंडळीत झालाय त्यांना आम्ही पुन्हा देणार नाही. कुणाला फारच वाटत असेल तर त्याने सगळ्यांसमोर साक्ष द्यावी, पाणी नाही. बुडवायची टाकी मागच्या आवारात लावतो, चर्चच्या आत नाही, कारण आतली फरशी जुनी आहे आणि शिवाय ते त्यांचं उपासनेचं घर आहे. टाकी भरायला टँकर आमच्या खर्चाने.

प्रभुभोजन एकत्र घेता का?

वर्षातून ठरावीक वेळा, जुन्या मंडळीत, पाळकसाहेबांच्या हातून. त्यांची पात्रं आम्ही वापरत नाही, कपाटाला वेगळं कुलूप आहे. आमचे छोटे प्लास्टिकचे कप बघून सकाळच्या एक मावशी म्हणाल्या, "डोस देताय काय?" यापुढे स्टीलचे आणणार आहोत.

तुमच्या पास्टरकडून लग्न लावून घेतलं तर चालेल का?

आशीर्वाद द्यायला चालेल, कायदेशीर लग्न लावायला नाही, अजून तरी. हे नीट वाचा कारण पुढे पासपोर्ट आणि व्हिसाला लोक रडतात. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा आहे, त्यात लग्न कोण लावू शकतो हे लिहिलेलं आहे. बिशपकडून दीक्षा झालेले पाळक आपल्या चर्चच्या नियमांप्रमाणे लावू शकतात. बाकीच्या पास्टरना त्या कायद्याखाली सरकारी लायसन्स लागतं, नाहीतर मॅरेज रजिस्ट्रार. नुसतं बायबल कॉलेजचं सर्टिफिकेट आणि गळ्यात टाय असून भागत नाही. वेळही ठरलेली आहे, सकाळी सहा ते संध्याकाळी सात, काही अपवाद सोडले तर. त्यामुळे रात्री नऊच्या मुहूर्तासारखं रिसॉर्टवर लग्न लावून द्या म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो.

सध्याची व्यवस्था अशी की लग्न पाळकसाहेब लावतात, नोंद जुन्या मंडळीच्या रजिस्टरमध्ये होते, आमचे पास्टर प्रवचन किंवा प्रार्थना करतात. पुकारा, म्हणजे लग्नाची चर्चमधली जाहीर घोषणा, आधी होतो. हॉलचे पैसे वेगळे.

आणि कुणी वारलं तर?

दफनभूमीच्या जागेवर आमचा काही हक्क नाही. शहरात ख्रिस्ती दफनभूम्या भरत आल्यात, स्वतंत्र मंडळ्यांच्या लोकांना जागेसाठी हात जोडत फिरावं लागतं. जुन्या मंडळीने आमच्या सभासदांसाठी पत्र द्यायचं कबूल केलंय. कराराच्या कुठल्याही कलमापेक्षा मला हे मोठं वाटतं, कारण यात त्यांना मिळण्यासारखं काही नाही आणि त्यांच्या स्वतःच्या जागा कमी होतात.

बाक, खुर्च्या, वेदी, काय हलवता येतं?

वेदी, पुलपीट, बाप्तिस्म्याचं कुंड, भिंतीवरच्या संगमरवरी पाट्या, घंटा: हात लावायचा नाही. बाक पहिल्या दोन रांगांचे हलवता येतात, भक्ती संपल्यावर जागच्या जागी, त्यासाठी फरशीवर खडूने नाही तर खालच्या बाजूला टेपने खुणा केल्यात.

तुम्हाला वाटेल एवढं काय त्या बाकांचं. यरुशलेमला पवित्र कबरेचं चर्च आहे, सहा वेगवेगळे ख्रिस्ती पंथ ते वाटून वापरतात, कुठला कोपरा कुणाचा हे ऑटोमन सुलतानाच्या काळापासून ठरलेलं, आणि दाराची किल्ली पिढ्यानपिढ्या मुसलमान घराण्याकडे, कारण ख्रिस्ती लोकांचा एकमेकांवर भरवसा नाही. दर्शनी भिंतीवर एक लाकडी शिडी आहे, दोनशेहून जास्त वर्षं ती तिथेच आहे कारण ती हलवायचा अधिकार कुणाचा यावर एकमत नाही. २००२ मध्ये तिथे गच्चीवर एका कॉप्टिक (इजिप्तच्या ख्रिस्ती पंथाच्या) साधूने ऊन लागतं म्हणून खुर्ची जरा सावलीत सरकवली, ती इथिओपियन लोकांच्या हद्दीत गेली, मारामारी झाली आणि अकरा जण हॉस्पिटलात. त्यापुढे आमची टेपची आयडिया स्वस्त पडते.

किचन?

सगळ्यात जास्त तंटे इथेच. आमच्या पातेल्यांना निळा रंग, त्यांच्या पातेल्यांवर नाव कोरलेलं. गॅस सिलिंडर वेगळा. ओट्यावर उष्टे कप ठेवून गेलात तर सोमवारी सकाळी महिला मंडळाच्या अध्यक्षा फोन करतात, आणि तो फोन मला येतो. चहा हा विषय पुण्यात हलका घेऊ नये. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये मिशनऱ्यांच्या हातचा चहा घेतला म्हणून लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे अशा मोठमोठ्या लोकांवर ग्रामण्य, म्हणजे जातीची धार्मिक चौकशी, बसलं होतं. आमच्याकडे ग्रामण्य नाही, कप धुवायला लागतात.

मुलांचं संडे स्कूल एकत्र का नाही?

सुट्टीतलं बायबल शिबिर एकत्र असतं, मे महिन्यात, दोन्हीकडचे शिक्षक. एरवी वेळ जुळत नाही. नियम दोन्हीकडे एकच: मुलांबरोबर खोलीत कायम दोन मोठी माणसं, दार उघडं, आणि न्यायला आलेल्या माणसाचं नाव वहीत. हा नियम आम्ही सुचवला तेव्हा "आपल्या चर्चमध्ये असलं काही होत नाही" असं ऐकावं लागलं. होत असो-नसो, वही राहणार.

भांडण झालं तर कोण मिटवतं?

तीन त्यांचे, तीन आमचे अशी जॉइंट कमिटी, महिन्यातून एकदा बसते, भांडण नसलं तरी बसते. मिनिट्स लिहितात, पुढच्या वेळी वाचतात. दोन्ही मंडळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकमेकांच्या मंडळीबद्दल काहीही लिहायला बंदी आहे, लिहिलं की ॲडमिन उडवतो. कमिटीत नाही सुटलं तर डायोसिसकडे. आजवर डायोसिसकडे फक्त पार्किंगचं गेलंय.

मग सरळ एकच का होत नाही? एकाच देवाची लेकरं ना?

आत्याबाई हे दर नाताळला विचारतात. होऊ शकतो कधीतरी, पण आत्ता एक व्हायचं म्हणजे एकाने दुसऱ्यात विरघळायचं, आणि विरघळणारे कोण यावरच पहिलं भांडण. जर्मनीत बाउत्सेन गावात सेंट पीटर्स नावाचं एक कॅथेड्रल आहे, १५२४ पासून तिथे कॅथलिक आणि लुथरन दोघं एकाच इमारतीत भक्ती करतात, मध्ये कठडा, एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला ते. पाचशे वर्षं झाली, एक झाले नाहीत आणि बाहेरही पडले नाहीत. इंग्लंडमध्ये तर चर्चच्या इमारती वाटून वापरण्यासाठी १९६९ पासून वेगळा कायदाच आहे. आणि दुबईला गेलेल्या आपल्या लोकांना विचारा, होली ट्रिनिटीच्या आवारात शंभराच्या वर मंडळ्या जमतात, मल्याळी, तमिळ, फिलिपिनो, आफ्रिकन, खोली-खोलीत वेगळी भाषा, कारण तिथे वाटेल तिथे चर्च बांधता येत नाही. तिथे कुणी विचारत नाही एक का होत नाही, सगळे विचारतात पुढची स्लॉट कुणाची.

मला स्वतःला वाटतं वेगळं राहून किल्ली एकमेकांकडे देता येणं हे पुष्कळ आहे. आमच्या पास्टरना असं वाटत नाही, ते अजून आशेवर आहेत.

किती वर्षं राहणार तिथे?

दरवर्षी करार, दरवर्षी दोन्ही सभांमध्ये मतदान. तीन महिन्यांची नोटीस कुणीही देऊ शकतो, कारण सांगायची सक्ती नाही. आम्ही बिल्डिंग फंड वेगळा काढतोय पण पुण्यातले जागेचे भाव बघता घाई दिसत नाही. निघताना पंखे, सबमीटर आणि दुरुस्त केलेली खिडकी इथेच सोडायची, हे ठरलंय.

मी ख्रिस्ती नाही, आलो तर चालेल का?

या. कुणी नाव-पत्ता मागणार नाही, पुढे बोलावणार नाही, थैलीत काही टाकलंच पाहिजे असं नाही. फोटोत यायचं नसेल तर दारातल्या स्वयंसेवकाला सांगा, त्या बाजूला कॅमेरा फिरवत नाहीत.

पहिल्यांदा येतोय, काय लक्षात ठेवू?

संध्याकाळी यायचं असेल तर सव्वाचारपर्यंत या. गाडी आवारात लावू नका, तिथे फक्त चालता न येणारे ज्येष्ठ आणि पाळकसाहेबांची स्कूटर. समोरच्या शाळेच्या भिंतीला लावा, गेट अडवू नका, वॉचमनकाका रविवारी हवा सोडतात आणि दोन्ही मंडळ्यांची सोडतात.